मुलांचा क्लब कोणाच्या नावावर?

एक कंपनी दुसरीला विकत घेते, एक बँक दुसऱ्या बँकेत विलीन होते, हे आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. आमच्यासारख्या कारकुनांना अशा बातमीने बदलीची धास्ती वाटते. पण वस्तीतल्या पोरांच्या फुटबॉल क्लबाचेही विलीनीकरण होते, त्यालाही गिऱ्हाईक येते आणि त्या व्यवहारात वस्तीचे बरेच काही हातचे जाऊ शकते, ही गोष्ट पुष्कळ पालकांच्या अजून ध्यानात आलेली नाही. गेल्या काही वर्षांत आम्ही या व्यवहारातून गेलो. त्यातून जे समजले ते इतर वस्त्यांतील कार्यकर्त्यांच्या आणि आईबापांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही पुण्यात खडकी-दापोडीच्या बाजूला राहतो. लष्कर आणि दारूगोळ्याचा कारखाना यांच्या शेजारामुळे इकडे फुटबॉलची हौस जुनी आहे. बॅट, पॅड, हातमोजे घेण्याची ऐपत नसलेल्या घरांतली वीस पोरे एका चेंडूवर तासभर खेळतात. आमच्या वस्तीतला क्लब २००७ साली सुरू झाला. कोणी कारखान्यातले, कोणी महापालिकेतले, एक शाळेतल्या बाई, एक रिक्षावाले, असे आम्ही सहा-सातजण जमलो आणि बी.कॉम. आहोत म्हणून हिशेबाची वही आमच्या हाती आली. हेतू साधा होता. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत पोरांनी पानटपरीवर आणि नाक्यावर उभे राहू नये. महापालिकेच्या शाळेचे मैदान, महिना वीस रुपये वर्गणी, ज्याला जमत नाही त्याला माफ. पुढे संस्था रीतसर नोंदवली, जिल्ह्याच्या स्पर्धांत उतरलो, २०१६ पासून मुलीही खेळू लागल्या. २०२३ साली पटावर ६४ मुले होती, त्यांत ११ मुली. मालमत्ता म्हणाल तर बँकेत नऊ हजार रुपये, चौदा चेंडू, गोलाच्या दोन जाळ्या आणि विहारातल्या कपाटातला एक खण. असला क्लब कोण विकत घेणार?

पण गिऱ्हाईक आले, आणि ते का आले हे समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या अकादमीला मैदान असते, दिवे असतात, परवानाधारक प्रशिक्षक असतो. तिला हवी असतात ती तयार मुले. तेरा, पंधरा, सतरा अशा प्रत्येक वयोगटाचा संघ उभा करावा लागतो, तरच स्पर्धेत प्रवेश मिळतो आणि जाहिरातीत नाव झळकते. मुलगा सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्याला चेंडू थांबवायला शिकवणे, पडला तर घरी पोचवणे, परीक्षेच्या दिवसांत त्याच्या आईची समजूत घालणे, हे बिनपैशाचे काम वस्तीतला क्लब करतो. तेराव्या वर्षी तो मुलगा आयता मिळाला तर कोणाला नको आहे? शिवाय नोंदणीची गोष्ट आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकावर खेळाडूची नोंद होते आणि एका वेळी तो एकाच क्लबाचा असतो. ज्याच्याकडे नोंद त्याच्याकडे मुलगा. म्हणजे आमच्या कपाटात सर्वांत मोलाची वस्तू होती ती मुलांच्या नावांचा पट.

२०२३ च्या दिवाळीनंतर एका अकादमीची दोन माणसे आली. बोलणे गोड होते. तुमचे काम फार मोलाचे आहे, पण तुमच्याकडे साधने नाहीत. आमच्यात या, मुलांचे सोने होईल. बूट, कपडे, कृत्रिम गवताचे मैदान, पहिले वर्ष फी नाही. आम्ही अटी विचारल्या तेव्हा हळूहळू एकेक बाहेर आली. क्लबाचे नाव राहणार नाही. सर्व मुलांची नोंदणी त्यांच्याकडे जाईल. निवड चाचणी घेऊन वीस मुले पहिल्या तुकडीत घेतील, बाकीच्यांचा विचार पुढे. मुलींसाठी सध्या वेळ नाही. दुसऱ्या वर्षापासून फी, ती परिस्थिती पाहून ठरवू. आमच्यापैकी दोघांना ‘समन्वयक’ म्हणून मानधन मिळेल. ही शेवटची अट ऐकली आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. मुलांच्या व्यवहारात मोठ्यांचे मानधन कशासाठी येते, हे समजायला बी.कॉम. असण्याची गरज नाही.

तरीही परस्पर नकार देण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. क्लब सभासदांचा आहे, म्हणून विहाराच्या सभागृहात पालकांची सभा बोलावली. सभेला चाळीसएक माणसे आली, त्यांत आयाच जास्त. आम्ही अटी कागदावर लिहून वाचून दाखवल्या. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, “माझी दोन पोरं आहेत. मोठा निवडीत येईल. धाकटा नाही यायचा, त्याचा पाय बारीक आहे. मग धाकट्यानं संध्याकाळी कुठं जायचं, ते सांगा.” सभागृह गप्प झाले. तेवढ्यात मागून दुसऱ्या एक ताई बोलल्या. “दादा, तुमचं सगळं खरं. पण माझ्या पोराला चांगला कोच मिळतोय. तुमच्या क्लबाच्या नावासाठी त्याची संधी का घालवायची?”

वाचकहो, या दोन्ही आया खऱ्याच बोलत होत्या. एकीला क्लब हवा होता तो सर्वांचा म्हणून, दुसरीला आपल्या हुशार मुलासाठी पुढची पायरी हवी होती. विलीनीकरणाचा प्रश्न आला की आपण पटकन दोन तट पाडतो. एका बाजूला ‘प्रगती’, दुसऱ्या बाजूला ‘स्वाभिमान’. पण घराघरातला प्रश्न तसा नसतो. एकाच आईच्या पोटची दोन मुले या प्रश्नाच्या दोन बाजूंना उभी असतात. म्हणून आम्ही ठरवले, भावनेच्या भरात हो म्हणायचे नाही आणि नाहीही म्हणायचे नाही. आधी माहिती काढायची.

माहिती काढायला लांब जावे लागले नाही. आपल्या पुण्यातच धडा आहे. २००७ साली पुणे एफसी हा क्लब निघाला. एका उद्योगसमूहाचा पैसा होता. २०११ साली त्यांनी मुलांची निवासी अकादमी काढली, ती नावाजली. केरळातील मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन याच अकादमीत घडला आणि पुढे देशाकडून खेळला. नंतर मालकांनी मोठा संघ बंद केला आणि २०१६ साली अकादमी एफसी पुणे सिटी या दुसऱ्या क्लबाने ताब्यात घेतली. हा क्लब इंडियन सुपर लीगमधला, बडा. मुलांच्या आईबापांना वाटले असेल, आता चिंता मिटली. पण तीन वर्षांत, २०१९ साली, मालकांच्या आर्थिक अडचणींमुळे एफसी पुणे सिटीच गुंडाळला गेला. लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. त्या संघाने २०२२ साली विजेतेपद मिळवले, पुढे त्याचीही ओढाताण झाली आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला गेला, नावासकट बदलला. पुण्यातलाच डीएसके शिवाजीयन्स हा संघ २०१६-१७ च्या हंगामानंतर आय-लीगमधून बाहेर पडला. त्यांच्या अकादमीला इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबाचे नाव जोडलेले होते. त्या नावानेही तो संघ वाचला नाही.

यात आम्ही कोणाला दोष देत नाही. धंदा आहे, चालतो, बुडतो. पण धंदा बुडाला की कर्मचाऱ्याला निदान हिशेब मागता येतो. चौदा वर्षांच्या मुलाने हिशेब कोणाकडे मागायचा? त्याचे वय थांबत नाही. त्या वयातली दोन वर्षे गेली की गेली.

कोलकात्याचे उदाहरण वेगळे आहे. मोहन बागान हा १८८९ सालचा क्लब. २०२० साली एका उद्योगसमूहाने त्याच्या फुटबॉल विभागाचा ८० टक्के हिस्सा घेतला आणि आपल्या एटीके या संघाचे नाव त्याच्यापुढे लावले. हिरवा-तांबडा रंग राहिला, पण पाठीराख्यांना ते नाव सहन झाले नाही. ते मैदानात आणि रस्त्यावर बोलत राहिले आणि २०२३ साली ‘एटीके’ ही अक्षरे काढावी लागली. इंग्लंडमध्ये विम्बल्डन क्लब मालकांनी मिल्टन कीन्स या दुसऱ्या गावी हलवायचे ठरवले, तेव्हा पाठीराख्यांनी २००२ साली स्वतःचा नवा क्लब काढला. अगदी खालच्या लीगमधून सुरुवात करून २०११ साली तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला. पण या क्लबांच्या पाठीशी हजारो-लाखो माणसे होती. आमच्या मागे ६४ मुलांचे आईबाप. आमचा आवाज जाऊन जाऊन विहाराच्या पायऱ्यांपर्यंत.

अमेरिकेत मुलांच्या सॉकर क्लबांची खरेदी-विक्री आणि एकत्रीकरण ही आता नेहमीची बाब झाली आहे. तिकडे १९६४ साली कॅलिफोर्नियात स्वयंसेवकांनी चालवलेली एक संघटना निघाली, ‘आयसो’. तिचा नियम असा की प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे. पुढे निवडक मुलांचे, पगारी प्रशिक्षकांचे, गावोगाव फिरणारे क्लब वाढले. मोठ्यांनी लहानांना पोटात घेतले, आता त्यात गुंतवणूकदारांचा पैसाही उतरला आहे. तिथल्या अॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीप्रमाणे २०२४ मध्ये एका कुटुंबाने मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले. २०१९ च्या मानाने ४६ टक्के जास्त. श्रीमंत देशातही खेळ असा फीच्या उंबरठ्यावर अडतो, तर आमच्या मावशींच्या धाकट्याचे काय, हे वेगळे सांगायला नको.

एवढी माहिती घेऊन आम्ही अकादमीला चार अटी लेखी कळवल्या. पटावरचे एकही मूल वगळायचे नाही. मुलींची वेळ कायम. तीन वर्षांची फी आजच लिहून द्यायची. आणि तुमचे काम बंद पडले तर मुलांची नोंदणी विनाशर्त परत. पहिल्या दोन अटींवर ते हसले, तिसरीवर विचार करतो म्हणाले, चौथीचे उत्तर आलेच नाही. मग एक-दोन महिन्यांत दुसराच प्रकार सुरू झाला. आमच्या नऊ मुलांच्या घरी फोन गेले. क्लब विकत घेता आला नाही तर क्लबातली मुले सुटी सुटी उचलायची. ताबा घेण्याची हीच खरी स्वस्त रीत आहे.

आमच्यातले काही कार्यकर्ते चिडले. म्हणाले, ना-हरकत पत्र द्यायचे नाही, बघू कुठे जातात. यावर आमच्यात रात्री उशिरापर्यंत वाद झाला. शेवटी ठरले ते असे : मूल क्लबाच्या मालकीचे नाही. जो जाईल त्याला पत्र द्यायचे, त्याच दिवशी द्यायचे आणि परत आला तर काही न विचारता घ्यायचे. नऊच्या नऊ गेले. त्या ताईंचा मुलगाही गेला. वर्ष संपले, फी सुरू झाली तेव्हा चारजण परत आले. ताईंचा मुलगा तिथेच आहे, चांगला खेळतो, आणि त्याचा आम्हांला आनंद आहे. फी भरण्यासाठी ताई आता आणखी एका घरचे काम करतात, हेही आम्हांला माहीत आहे.

पण नऊ मुले एकदम गेल्याने आमचा पंधरा वर्षांखालचा संघ मोडला. अकरा भरेनात. रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वस्तीत आमच्यासारखाच एक क्लब आहे. त्यांची गत उलटी, मोठी मुले होती, लहान नव्हती. त्यांच्याशी आमचे बोलणे सात-आठ वर्षे बंद होते. एका अंतिम सामन्यातल्या पेनल्टीवरून मुले विसरली तरी मोठे विसरले नव्हते. आमच्या रिक्षावाल्या मित्रानेच पुढाकार घेतला. तो त्यांच्या अध्यक्षांना म्हणाला, “तुमच्याकडं मोठी पोरं, आमच्याकडं बारकी. दोघंही अर्धेच. मग भांडण कशाचं चालू आहे?”

बोलणी सात महिने चालली. ज्यांना वाटते की सारख्यांचे एकत्र येणे सोपे असते, त्यांनी एकदा अनुभव घ्यावा. त्यांच्यावर खेळाच्या सामानाच्या दुकानाची ७,४०० रुपये उधारी होती, ती कोण फेडणार? आमचा निळा रंग की त्यांचा पिवळा? त्यांच्याकडे मुली नव्हत्या. मंगळवार आणि शुक्रवार मैदान मुलींना द्यायचे, हे त्यांच्या तिघा सदस्यांना पटेना. तेव्हा आमच्या शाळेतल्या बाईंनी त्यांच्या वस्तीत जाऊन तिथल्या आयांनाच विचारले, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्याकडच्या पाच मुली मैदानावर आल्या. मग वाद उरला नाही. उधारी दोघांनी मिळून फेडली. नाव दोन्ही मिळून एक केले, लांबलचक आहे, पंचाला उच्चारताना दम लागतो. दोन्ही क्लबांच्या जुन्या कार्यकर्त्यांना त्याची चुटपुट आहे. असू द्या. पटावर आता ९० च्या वर मुले आहेत आणि तिन्ही वयोगटांचे संघ भरतात.

या कामात कायद्याचा जो भाग वाचावा लागला तो मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ मंडळांना तो माहीत नसतो. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली असेल, तर अध्यक्ष आणि सेक्रेटरी यांनी चहाच्या टेबलावर सही केली म्हणून विलीनीकरण होत नाही. कलम १२ प्रमाणे प्रस्ताव लेखी स्वरूपात प्रत्येक सभासदाला विशेष सभेच्या दहा दिवस आधी मिळाला पाहिजे. सभेत तीन-पंचमांश मते पडली पाहिजेत. त्यानंतर एक महिन्याने दुसरी विशेष सभा घेऊन तिथे हजर असलेल्यांच्या तीन-पंचमांश मतांनी तो पुन्हा कायम झाला पाहिजे. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदली जाते, म्हणून प्रकरण धर्मादाय कार्यालयाकडे जाते. संस्था विसर्जित झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. हा मधला महिना कायद्याने फार शहाणपणाने ठेवला आहे. पहिल्या सभेत टाळ्या पडतात, महिनाभरात घरोघर विचार होतो. आमच्या दुसऱ्या सभेत चार मते फिरली, पण ठराव पास झाला.

आता ज्यांच्या क्लबाकडे असे गिऱ्हाईक येईल त्यांनी पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

१) निवडीत न आलेल्या मुलांचे काय?

२) मुलींना मैदान कोणत्या वारी, किती वाजता?

३) दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची फी किती?

४) काम बंद पडले तर मुलांची नोंदणी परत कशी मिळणार?

५) मूल पूर्वी कोणत्या क्लबात किती वर्षे शिकले, याची नोंद कोणाच्या नावे राहणार?

हा पाचवा प्रश्न पुष्कळांना क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात पैसे देऊन बदली झाली, तर त्या रकमेचे पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. आमच्या वस्तीतून असा खेळाडू निघेल की नाही, कोण जाणे. पण दप्तर नीट ठेवायला पैसा लागत नाही. कोणते मूल कोणत्या तारखेला आले, किती वर्षे खेळले, हे आमच्या वहीत लिहिलेले आहे आणि महासंघाच्या नोंदीशी दरवर्षी ताडून पाहिले जाते. आमच्या लोकांची मेहनत बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, कारण ती लिहून ठेवलेली नसते.

आपल्या वस्तीत मुलांचा क्लब असेल तर या रविवारी मैदानावर जाऊन त्याची घटना, सभासदांची यादी आणि हिशेबाची वही पाहायला मागा. कार्यकर्त्यांनी राग मानू नये. आणि पालकांनी, विशेषतः आयांनी, नुसते मुलाचे नाव देऊन थांबू नये, स्वतःही सभासद व्हावे. मत सभासदाला असते. उद्या कोणी क्लबाची किंमत करायला आलेच, तर ‘धाकट्यानं कुठं जायचं?’ हा प्रश्न सभेत विचारणारी बाई सभासदांच्या यादीत असली पाहिजे.